आबांच्या उसातला खांब

मी बायांच्या टोळीची मुकादमीण. ऊसतोडीची टोळी वेगळी, ती कोयते घेऊन बाहेरून येते आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की निघून जाते. आमची टोळी खुरप्याची, इथलीच. सांगवीच्या आसपास कुणाच्या उसात, मक्यात, कांद्यात तण माजलं की तो मला फोन करतो. मी बाया गोळा करते, टेम्पोत बसवते, रानात उतरवते आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारात सोडते. मधल्या वेळेत मुकादमीण बांधावर उभी राहून नुसती ओरडत असते, असं लोकांना वाटतं. मी ओरडले, पण स्वतःची पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरून ओरडले. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून गेल्या वर्षी खुरपणं सोडलं. ओरडायचं काही सुटलं नाही.

या धंद्यात अक्कल लागत नाही असं म्हणणाऱ्याला मी वापशाचं विचारते. रान फार ओलं असलं की खुरप्याला चिखलाचा गोळा होतो. फार वाळलं की तण वर तुटतं आणि मूळ खाली हसत बसतं. या दोन्हींच्या मधे, पायाला माती चिकटत नाही आणि खुरपं सुखानं आत जातं, त्याला वापसा म्हणतात. तो दोनेक दिवस टिकतो आणि नेमका सगळ्या शेतकऱ्यांचा एकदमच येतो. म्हणून मुकादमिणीला कुणी कधी पाणी दिलं ते माहीत असावं लागतं. पाणी कधी दिलं हे लाईटवर असतं, आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळं कुठल्या शिवाराला कधीची लाईट आहे हेही माहीत असावं लागतं. शिवाय टोळीतली कोणती बाई कोणत्या बाईशी बोलत नाही, हेही. नाहीतर दोघी शेजारच्या पातीला लागतात आणि तण राहतं बाजूला.

मोबाईल आल्यावर यातलं पुष्कळ सोपं झालं. टोळीचा ग्रुप झाला. नंदा म्हणून आमच्यातली एक तोंडाळ बाई, तिनं त्याला ‘खुरपं एक्सप्रेस’ नाव दिलं. निम्म्या बायांना लिहिता येत नाही, म्हणून सगळं बोलून पाठवायचं. एकीनं उद्याच्या कामाचं सांगताना बटण तसंच चालू ठेवलं आणि तिचं सासूबरोबरचं सगळं भांडण टोळीला ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत सगळ्या सासूच्या बाजूनं होत्या.

गिऱ्हाइकंही बदलली. एक साहेब पुण्याला राहायचे आणि शेती इथं मोबाईलवर करायचे. मोटार मोबाईलवरून चालू, मोबाईलवरून बंद, वर कॅमेरा. त्यांच्या कांद्यात आम्ही खुरपायला बसलो होतो आणि एकदम चारी बाजूंनी फवारे उडायला लागले. बाया किंचाळत उठल्या. मी फोन लावला.

“साहेब, मोटार बंद करा. आमी रानात हाय.”

“रानात कोणी नाहीये. मी कॅमेऱ्यात बघतोय.”

“मग मी कुठनं बोलतीया, सर्गातनं?”

“कॅमेऱ्यात तर कोणीच दिसत नाही.”

कॅमेरा फाटकाकडं तोंड करून बसवला होता. मी निथळत फाटकापाशी गेले आणि खुरपं वर धरून कॅमेऱ्यापुढं उभी राहिले. मोटार लगेच बंद झाली. साहेब पुढं कधी रविवारी आले की माझ्याशी फार अदबीनं बोलायचे.

पण सांगायचं आहे ते आबांच्या खांबाचं, कारण त्या खांबापायी माझी टोळी मोडायला आली होती.

आबा म्हणजे सांगवीचे जुने ऊसवाले. तालमीत वाढलेला माणूस, आवाज असा की पलीकडच्या बांधावरची म्हैस मान वर करते. त्यांच्या बायकोला सगळा गाव जिजी म्हणतो. बारीक, थोडकं बोलणारी. एका कंपनीनं गावात उसासाठी नवीन यंत्रं आणली तेव्हा पहिला खांब आबांच्या रानात उभा राहिला. खांबावर वारा मोजायचं फिरकं, सूर्याच्या उजेडावर चालणारी काळी पाटी, आणि खांबाच्या बुडाशी वीतभर खोल पुरलेला एक सेन्सर. सेन्सर मातीतली ओल बघतो, खांब ती वर कुठंतरी कळवतो आणि सकाळी आबांच्या मोबाईलवर येतं, आज पाणी द्या किंवा आज पाणी नको. खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कंपनीच्या साहेबांनी खोबरं खाल्लं आणि गेले. मागं राहिली ऋतुजा.

ऋतुजा इंदापूरकडची, बावड्याची. शेतीचं शिकलेली, स्कूटीवर दिवसभर गावं फिरायची. कंपनीतर्फे खांब सांभाळायचं आणि शेतकऱ्यांना समजवायचं काम तिचं. माझ्याशी तिचं पहिल्यापासून जमलं, कारण ती उन्हात उभी राहून बोलायची, गाडीत बसून नाही.

त्या उन्हाळ्यात आमचं काम आबांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या रानात सलग चाललं होतं. ऊस गुडघ्याएवढा. त्या सगळ्या शिवारात सावली एकच, खांबावरच्या काळ्या पाटीची, सुपाएवढी. पण सूप तर सूप. बाया डबे खांबाला अडकवायच्या, पाण्याचा कॅन बुडाशी ठेवायच्या आणि जेवण झालं की तिथंच हात धुवायच्या.

एक दिवस आबा जेवणाच्या वेळेला तरातरा आले. मागं ऋतुजा.

“हौसाबाई, ह्या बाया हितं हात धुत्यात!”

“मग काय साडीला पुसायचे?”

“अगं, रोज मोबाईलवर येतंय, पाणी नको, पाणी नको. अन् ऊस बघ, शेंडं पिवळं पडाय लागलं. तुमच्या खरकट्या पाण्यानं माझं यंत्र फसलंय!”

नंदा म्हणाली, “आबा, आमी हात धुतो. म्हशी न्हाय धूत.”

ऋतुजानं खाली बसून माती उकरली. ओली होती. चार पावलांवरची उकरली. कोरडी ठणठणीत.

“मावशी, सेन्सर बरोब्बर इथंच आहे.”

“मग खरंच बोलतंय की ते. ओलं हाय तर ओलं सांगतंय.”

“हो, पण एवढंच ओलं आहे. बाकी सगळं रान कोरडं पडलंय.”

पोरगी बरोबर बोलत होती. मी ते कबूल केलं. मला कबूल करायला लावणारी माणसं कमी आहेत.

आबांनी आम्हाला त्याच दिवशी रानातून काढलं, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. दूध घालायला जातील तिथं, चहाला बसतील तिथं, हौसाच्या टोळीनं यंत्र नासवलं हे त्या म्हशी उठवणाऱ्या आवाजात सांगत सुटले. तोवर गावात आणखी बऱ्याच जणांनी खांब बसवले होते. ज्याच्या रानात खांब, त्याचा फोन बंद. मग ज्यांच्याकडं खांब नव्हता तेही विचार करायला लागले. भर हंगामात माझा मोबाईल आवाज करेना. टोळी मोडायला भांडण लागत नाही, आठवडाभर काम नसलं की पुरतं. नंदा एमआयडीसीत पॅकिंगला जाते म्हणाली. दोघीतिघींनी दुसऱ्या मुकादमाला विचारून ठेवल्याचं कानावर आलं. मी त्यांना दोष दिला नाही. मीही तेच केलं असतं, आणि मुकादमिणीला सांगितलंही नसतं.

अशात एका सकाळी ऋतुजा माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

“मावशी, टोळी आबांच्या रानात गेलीय का परत?”

“मला हाकललंय. मी काय उडत जाऊ?”

“मग हे बघा.” तिनं मोबाईल पुढं केला. एक निळी रेघ होती, डोंगरासारखी चढउतार करणारी. “ओल वाढली की रेघ वर जाते. तुम्ही नाही, तरी रेघ चढतेच आहे.”

“कधी चढती?”

तिनं बोटानं रेघ मोठी केली आणि तिथंच थबकली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. “मी रोजचा एकच आकडा बघत होते. वेळ बघितलीच नव्हती. मावशी, ही जेवणाच्या वेळेला नाहीच चढत. पहाटे चढते!”

“पहाटं आमी भाकरी थापत असतो.”

“आणि रोजही नाही. हा आठवडा चढते, मधल्या आठवड्यात पहाटे अजिबात नाही, फक्त एकदा दिवसा, पाणी दिलं तेव्हा, त्याच्या आधीच्या आठवड्यात परत आहे.”

मी विचार केला. मधल्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. रेघ चढली ते दोन्ही आठवडे रातपाळीचे. मी तिला तसं सांगितलं. उलगडा दोघींनाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही आबांच्या बांधावर जाऊन बसलो. ऋतुजा म्हणत होती पाईप फुटला असेल. मी म्हणत होते डुक्कर. तेवढ्यात घराकडून जिजी आली. कडेवर घागर. इकडंतिकडं न बघता सरळ खांबापाशी गेली आणि घागर बुडाशी रिकामी केली. एकदम नाही ओतली. थोडी थोडी, जिरवत, पाणी वाहून जाऊ नये अशी. रोपाला घालावं तसं.

मी पुढं झाले. “जिजी, खांबाची पूजा चाललीय व्हय?”

ती दचकलीसुद्धा नाही. “पूजा कसली? झोपवतीया.”

“खांबाला?”

“म्हाताऱ्याला.”

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. जिजीनं घागर खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले.

“लाईट ह्या आठवड्यात रातची हाय. मोबाईलवर पाणी द्या आलं की हे रातचं उठणार, बॅटरी घिणार, काठी घिणार अन् वॉल्व्ह फिरवाय उसात शिरणार. गुडघा दुमडत न्हाय. बिबट्या आला तर पळणार कशानं? किती येळा सांगितलं, जाऊ नका. माझं ऐकत्यात व्हय ते? ह्या खांबाचं ऐकत्यात. मग म्हटलं, आपुन खांबालाच सांगावं.”

त्या वर्षी आमच्या भागात बिबट्याची भीती होतीच. गावाच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ यायचे. निम्मे दुसऱ्याच जिल्ह्यातले असायचे, पण उरलेले निम्मे पुरे होते.

ऋतुजा म्हणाली, “जिजी, पण सेन्सर इथं पुरलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच की. बसवताना सगळ्यास्नी सांगत हुतीस, हितं ओल असली की पाणी नको म्हणून येतंय. बाकीचे फोटो काढत हुते. मी ऐकत हुते.”

ऋतुजाला हसू आवरेना. मला मात्र राग आला होता.

“जिजी, तुमचा म्हातारा झोपतोय ते बरं हाय. पण माझ्या बाया घरी बसल्यात. आळ त्यांच्यावर आलाय.”

“ते वाईट झालं,” जिजी म्हणाली. “रोज मनात येतंय. पण सांगू कसं? सांगितलं की हे परत रातचं जाणार. हौसा, तुझा नवरा असता तर तूबी ओतलं असतंस.”

“माझा नवरा रातचा बाहेर गेला असता तर मी आतनं कडी लावून झोपले असते.”

जिजी हसली. मी नाही हसले, कारण मी खरंच सांगत होते.

ऋतुजानं तिला समजावलं की ऊस वाळतोय, आणि गावच्या शिवारफेरीला कंपनीचे मोठे साहेब याच रानात येणार आहेत. खांब चुकीचं सांगतो असं ठरलं तर कंपनी या गावातून खांब उचलेल. जिजी एवढंच म्हणाली, “उचला. पर ह्यांना आदी सांगू नका.”

मी कुणाला शब्द दिला नव्हता. ऋतुजाला घरी पाठवलं आणि तशीच गोठ्यात गेले. आबा स्टुलावर बसून धार काढत होते.

“आबा, तुमच्या यंत्रावर पाणी कोण घालतंय ते घावलं.”

आबांनी मान वर केली नाही. “हळू बोल.”

“का हळू?”

“आत ऐकू जाईल. मला ठाव हाय.”

“काय ठाव हाय?”

“घागर रोज पहाटं ओली असती. पायाला चिखल असतोय. ती उठली की मी कूस बदलून पडतो.”

“कधीपास्नं?”

“पयल्यापास्नं.”

“मग आमच्यावर का बोंबलत सुटलाव गावभर?”

आबांनी चरवी बाजूला ठेवली. “ऊस पिवळा दिसाय लागला. लोकं विचाराय लागली, आबा, खांब असून असं कसं? काय सांगू? बायको पाणी ओतती? का ओतती म्हणतील. मग सांगू काय, म्हातारा अंधारात जाईल म्हणून ती भितीया? अन् खरं सांगू? मलाबी जायचं नसतंय. ती ओतती म्हणून सुटतोय.”

“म्हंजे तुमची इज्जत ऱ्हावी म्हणून माझ्या बायांची गेली.”

आबांनी चरवी परत पुढं ओढली. म्हशीनंच काय ते शेपूट हलवलं.

“शिवारफेरीला सगळा गाव येणार हाय,” मी म्हणाले. “आळ तुमी चारचौघांत घातला, उतरवायचाबी चारचौघांत. न्हायतर मी उठून बोलणार. अन् मी बोलले तर जिजीचं नाव येणार. तुमी बघा.”

शिवारफेरीच्या दिवशी आबांच्या रानात मांडव घातला होता. साहेब माईकवरून पुष्कळ बोलले. आकाशातून उपग्रह ऊस बघतो, खालून सेन्सर बघतो, मधे यंत्र विचार करतं, असं. मग आबांचा पिवळा ऊस दाखवून म्हणाले की या प्लॉटमधे मजुरांच्या निष्काळजीपणामुळं थोडी गडबड झाली. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या बाया मागं उभ्या होत्या. नंदा पुटपुटली, “आक्का, उठ.” मी आबांकडं बघितलं. जिजी बाजूला चहा गाळत होती.

आबा उठले. माईक घेतला नाही. त्यांना लागतही नाही.

“बायांचा काय दोष न्हाय. त्यांनी हात धुतले असतील, तेवढ्यानं काय होत न्हाय. पाणी मी घालत हुतो. रोज पहाटं. घागरीनं.”

जिजीच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

साहेब म्हणाले, “पण का?”

“झोप मिळावी म्हणून.”

मांडव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “आबा, बिबट्याला भ्यालाव काय?”

आता हा माणूस तालमीतला. उभ्या आयुष्यात कुणी त्यांना असं विचारलं नसेल, आणि विचारलं असतं तर दात घशात गेले असते. आबांनी गुडघ्यावर हात ठेवला.

“व्हय,” म्हणाले. “भ्यालो. गुडघा चालत न्हाय. अंधारात उसात पान हाललं तरी बिबट्याच वाटतोय. खांब म्हणतोय पाणी द्या, अन् लाईट येती रातची. मग करायचं काय?”

हसणं थांबलं. जो ओरडला होता तोच म्हणाला, “मीबी जात न्हाय, आबा. घरात सांगतो जाऊन आलो.” दुसरा म्हणाला, “मी मोटार चालू करतो अन् वॉल्व्ह न फिरवता पळत येतो. एकाच कोपऱ्याला सगळं पाणी.” तिसऱ्यानं तर खांबाच्या बुडाला ओलं पोतंच बांधून ठेवलं होतं. भीती सगळ्यांना होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

साहेब गांगरले. “हे आम्हाला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?”

“तुमी मातीला विचारत हुता,” आबा म्हणाले. “माणसाला विचारलं कुठं?”

ऋतुजानं त्या दिवशी मांडवातच ठाण मांडलं आणि कुठल्या शिवाराला कधीची लाईट, कुणाला रात्री जमतं, कुणाला नाही, सगळं विचारून घेतलं. पुढं मोबाईलवर यायचं ते बदललं. रातपाळीचा आठवडा तोंडावर आला की आधीच येऊ लागलं, आज दिवसा लाईट आहे, आजच जास्तीचं पाणी देऊन घ्या. त्यानं बिबटे गेले नाहीत आणि लाईटही सुधारली नाही. पण ऊस हिरवा झाला आणि जिजीची घागर घरात राहिली. मशीनला मी शहाणं म्हणणार नाही आणि वेडंही म्हणणार नाही. ते सांगितलेलं ऐकतं. आमच्याकडं तेवढंही कोण करतं?

मांडव मोडायच्या आत माझ्याभोवती शेतकरी जमले. वापसा सगळ्यांचा एकदमच आला होता. एकाला सोमवार दिला, एकाला मंगळवार. नंदा लगेच ग्रुपवर बोलून पाठवत होती. शेवटी आबा आले. जिजी त्यांच्या मागं होती. तिचा पदर तोंडावर होता, पण डोळे हसत होते.

“हौसाबाई, माझ्याबी रानात तण लई झालंय. उद्या बाया येतील का?”

“येतील,” मी म्हणाले, “पर उद्या न्हाय. तुमचा नंबर चौथा.”

“अगं, मी एवढं सगळ्यांम्होरं...”

“त्यासाठीच चौथा. न्हायतर नंबरच नव्हता.”

आबांनी तोंड उघडलं, जिजीकडं बघितलं आणि मिटलं. चौथ्या नंबरावर थांबले. तोवर त्यांच्या उसातलं तण चांगलं मांडीएवढं झालं होतं, आणि ते खुरपताना माझ्या बाया त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं शिव्या घालत होत्या. आबा बांधावर बसून सगळं ऐकून घेत होते.